फोटोतला प्रोफेसर

कांतारेल, २५ मार्च १९६८

प्रिय एलादिओ,

उभा असशील तर आधी बैस. आम्ही येतोय. फक्त मी आणि इनेस नाही, अख्खं कांतारेल येतंय.

काल प्रार्थना संपल्यावर फादरनी जाहीर केलं. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सालामान्काची सहल. पहाटेच्या गाडीने निघायचं, अकरापर्यंत तुमचं विद्यापीठ गाठायचं, दुपारी तिथल्या लोकांसारखं नदीकाठी बसून ओर्नासो खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. अठ्ठेचाळीस नावं आली आहेत. फादर म्हणाले, "वाटाड्या शोधायची गरज नाही. आपल्या गावचा माणूस तिथे प्रोफेसर आहे." सगळं चर्च माझ्याकडे वळून बघत होतं. मी मान खाली घातली. अशा वेळी मान खाली घातलेली बरी दिसते.

आईच्या पलंगामागे भिंतीवर लावलेल्या तुझ्या फोटोची काच मी आज पुन्हा पुसली. मखमली झगा, पिसांची टोपी, हातात चांदीचा दंड. अठरा वर्षं झाली, पण मखमल अजून तशीच काळीभोर दिसते.

आता मुद्द्याचं सांग. कुठल्या दालनात शिकवतोस? आम्हाला आत बसता येईल का? प्राक्सेदिस मावशी ऐंशीची झाली तरी येतेय. म्हणते, "त्याला या हातांनी जगात ओढून काढलं, तेव्हा आधी कान आले आणि मग पोरगा. कान अजून तेवढेच आहेत का, बघून घेते."

ओर्नासो आईच्या पद्धतीचाच करीन, पावाच्या आत सॉसेज, डुकराचं मांस आणि उकडलेली अंडी. तुझ्यासाठी एक अख्खा वेगळा.

तुझी ताई,
तेओफिला

—

सालामान्का, ३१ मार्च १९६८

प्रिय ताई,

पत्र मिळालं. आनंद झाला. तारखेची मात्र जरा अडचण आहे. त्या सोमवारी मला बहुतेक कामासाठी वायादोलिदला जावं लागेल. नक्की नाही, पण तसं दिसतंय.

कामाचं तुला काय सांगू? माझ्याशिवाय इथला एकही वर्ग उघडत नाही. आणि मोठमोठे प्रोफेसर बोलायला लागले की कुणाचं ऐकत नाहीत, पण मी दारात उभा राहून वेळ झाली म्हटलं की गप्प होतात. त्यामुळे सुट्टी मिळणं कठीण.

तुम्ही विद्यापीठात कशाला वेळ घालवता? दगड बघायचे तर दोन कॅथेड्रल आहेत, पूल आहे. दालनं थंड असतात, बाकं कडक. मावशीच्या गुडघ्यांना सोसणार नाही.

तुझा,
एलादिओ

—

कांतारेल, ६ एप्रिल १९६८

एलादिओ,

मावशीच्या गुडघ्यांची काळजी तू करू नकोस, माझ्या नाकाची कर.

तुला लिहिलं नव्हतं, कारण पक्कं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. इनेसचं औषधवाल्यांच्या दामिआनशी जुळतंय. मुलगा साधा आहे. त्याची आई लेओकादिया साधी नाही. परवा भट्टीवर पाव काढताना बायकांसमोर म्हणते कशी, "मामा प्रोफेसर आहे, ऐकून आहोत. पण आईच्या दफनाला एक दिवस आला आणि गेला, गावात कधी चार शब्द बोलला नाही. एवढा विद्वान माणूस एवढा मुका कसा?" आणि सहलीला तिने पहिलं नाव दिलंय. दगड बघायला नाही, तुला बघायला.

तू वायादोलिदला गेलास तर इनेसचं लग्नही तुझ्या मागून वायादोलिदला जाईल.

मी जास्त मागत नाही. अकरा वाजता त्या झग्यात दारात उभा राहा. फार बोलू नकोस. हसून मान हलव, इनेसच्या डोक्यावर हात ठेव आणि घाईत असल्यासारखा आत जा. मोठी माणसं तशीच वागतात. बाकी मी बघून घेईन.

ताई

—

सालामान्का, १५ एप्रिल १९६८

प्रिय ताई,

हे पत्र एकटी असताना वाच.

तो झगा माझा नाही. कधीच नव्हता. मी इथे शिपाई आहे. निळा कोट, पितळी बटणं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सकाळी दालनं उघडतो, खडू ठेवतो, आणि तास संपला की दार उघडून म्हणतो, "प्रोफेसर, वेळ झाली." चोवीस वर्षं हेच करतोय. मागच्या पत्रात कामाबद्दल मी लिहिलेलं सगळं खरं होतं आणि सगळं मिळून खोटं होतं. तसं लिहायला मी चांगलाच शिकलोय.

पन्नास साली पदवीदानाच्या मिरवणुकीत दंड घेऊन पुढे चालणारा माणूस आजारी पडला. त्याचा झगा माझ्या मापाचा निघाला. फोटोवाल्याने फोटो काढला, मी आईला पाठवला आणि मागे लिहिलं, 'विद्यापीठात तुझा एलादिओ.' खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. आईने फोटो फादरना दाखवला आणि त्यांनी आईचं अभिनंदन केलं. तिचं पुढचं पत्र आलं ते 'प्रिय प्रोफेसर' म्हणून. मी हसलो, म्हटलं पुढच्या पत्रात सांगू. मग ती आजारी पडली. दफनाच्या दिवशी मी उसन्या काळ्या कोटात उभा होतो आणि फादर सगळ्यांना सांगत होते, "हे प्रोफेसर." मी प्रत्येकाशी हात मिळवला.

मला शिपाईपणाची लाज नाही, ताई. तिथे कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही. मला लाज वाटते ती त्या दिवशी मिळवलेल्या एकेका हाताची.

म्हणून ठरवलंय. वायादोलिद वगैरे काही नाही, ती थाप होती. सोमवारी अकरा वाजता मी मुख्य दारात माझ्या निळ्या कोटात उभा असेन. तू फक्त मला नावाने हाक मार. पुढचं मी सगळ्यांसमोर स्वतः सांगतो, लेओकादियाबाईंना सुद्धा. दोष माझा, मान मीच खाली घालीन. तुला एक शब्दही बोलावा लागणार नाही. तू फक्त 'एलादिओ' म्हण.

तुझा भाऊ

—

सालामान्का, २४ एप्रिल १९६८

तेओफिला,

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

तुम्ही कोपऱ्यावरून वळलात तेव्हाच मी तुला ओळखलं. तू अजून आईसारखी डावा खांदा पुढे काढून चालतेस. मी टोपी काढली. तू सरळ माझ्याकडे आलीस, इतकी जवळ की तुझ्या कपड्यांना येणारा भट्टीचा वास मला आला. मला वाटलं, आता हाक मारणार. आणि तू मागे लेओकादियाबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "अहो शिपाईदादा, माझे भाऊ प्रोफेसर एलादिओ इथे असतात. पण ते आज वायादोलिदला गेलेत ना?"

माझं पत्र टपालात हरवलं असेल असं म्हणावं, तर मग मला बघून तू चकित व्हायला हवी होतीस. तू झाली नाहीस.

पण तुला कुठल्या तोंडाने बोलू? कारण त्यानंतर जे झालं ते मी केलं. मी म्हणालो, "हो बाईसाहेब. वायादोलिदला गेलेत. परवा येतील." कुणी माझा गळा धरला नव्हता. चोवीस वर्षांची सवय, बाईसाहेबांनी विचारलं की हो म्हणायचं. माझ्याच तोंडाने मी मला गावाला पाठवून दिलं.

मग तुमच्या फादरनी विचारलं, तो प्रसिद्ध बेडूक कुठे आहे. मी काठी वर करून दाखवला. दारावरच्या नक्षीत उजवीकडे, कवटीच्या डोक्यावर बसलेला. विद्यार्थी म्हणतात, ज्याला तो आपला आपण सापडतो तो परीक्षेत पास होतो. अठ्ठेचाळीस माना वर. "दिसला, दिसला!" तूही म्हणालीस, "दिसला."

निघताना तू ओर्नासोचं गाठोडं माझ्या हातात ठेवलंस. "भावासाठी आणला होता. ते नाहीत, तर तुम्हीच घ्या. उगाच तासभर उभं केलं तुम्हाला." मी टोपी हातात घेऊन वाकलो आणि म्हणालो, "देव तुमचं भलं करो, बाईसाहेब."

तो ओर्नासो मी झाडूंच्या खोलीत बसून खाल्ला. अख्खा. फेकून द्यायला हवा होता, पण चव आईच्या हातची होती आणि मला भूक लागली होती. याचीही लाज वाटते.

एलादिओ

—

कांतारेल, २९ एप्रिल १९६८

प्रिय भाऊ,

तुझं पत्र वाचून मी थक्क झाले. कुठलं पत्र, कसलं पत्र? १५ तारखेचं मला काहीच मिळालेलं नाही. आमचा टपालवाला दारू पितो, अख्ख्या गावाला माहीत आहे.

दारात कुणी शिपाई होता खरा. पण परक्या पुरुषाच्या तोंडाकडे मी टक लावून कशाला बघू? चष्माही घरी राहिला होता. मला खरंच वाटलं की तू वायादोलिदला आहेस. तूच तसं लिहिलं होतंस.

सहल छान झाली. लेओकादियाला इमारत आवडली. म्हणाली, अशा जागी काम करायला मिळणं म्हणजे भाग्यच. जूनमध्ये साखरपुड्याची बोलणी आहेत. तेव्हा तुला विनंती, असलं काही पुन्हा कागदावर उतरवू नकोस. जे झालं नाही ते लिहून कशाला ठेवायचं?

तेओफिला

—

कांतारेल, ३० एप्रिल १९६८

प्रिय मामा,

मी इनेस. आईला न सांगता लिहितेय.

तुमचं पत्र मिळालं होतं. ईस्टरनंतरच्या गुरुवारी आलं. आईने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. मी विचारलं, कुणाचं? म्हणाली, "खतवाल्यांची जाहिरात." जाहिरात जाळून कुणी तासभर रिकाम्या चुलीसमोर बसतं का?

मी तुम्हाला दारात लगेच ओळखलं. तुमचा फोटो बघत मोठी झालेय. पिसांची टोपी काढली की खाली तेच कान. आई तुमच्याशी बोलत होती तेव्हा मी तिच्या मागे चार हातांवर होते. 'मामा' एवढी दोनच अक्षरं होती. जीभ उचललीच नाही. दामिआनची आई शेजारी होती ना.

गल्लीच्या टोकाला मी वळून पाहिलं. तुम्ही अजून टोपी हातात धरून उभे होतात आणि दुसऱ्या हातात आमचं गाठोडं होतं. मामा, मला तुमची लाज नाही वाटली. मला आमची लाज वाटली.

दामिआनला मी काल सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग? किल्ल्या असलेला मामा जास्त कामाचा." तो असाच आहे.

तुमची इनेस

—

सालामान्का, ४ मे १९६८

प्रिय ताई,

ठीक आहे. तुला पत्र मिळालं नाही, तुझा चष्मा घरी होता. मी विश्वास ठेवतो. अठरा वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर ठेवलात, त्या मानाने हे काहीच नाही.

ओर्नासो ज्या फडक्यात बांधला होता ते धुऊन, इस्त्री करून सोबत पाठवतोय. कोपऱ्यात आईने भरलेली लाल फुलं आहेत. घरचं फडकं परक्या शिपायाकडे राहायला नको.

इनेसला आशीर्वाद. साखरपुड्याला मला बोलावू नका. म्हणजे पुन्हा खोटं बोलावं लागणार नाही, तुलाही आणि मलाही.

एलादिओ

—

कांतारेल, १९ मे १९६८

एलादिओ,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझं पार्सल टपालवाल्याने घरी नाही दिलं. शनिवार होता, आम्ही सगळ्या भट्टीवर होतो, तर तिथेच घेऊन आला. मला वाटलं, इनेससाठी काहीतरी पाठवलं असशील. मिरवायची हौस आपल्याला आहेच. मी मोठ्याने म्हटलं, "प्रोफेसरांकडून!" आणि सगळ्यांसमोर दोरी सोडली. आतून आईचं फडकं निघालं.

प्राक्सेदिस मावशीने ते उचललं, फुलं बघितली आणि म्हणाली, "अगं, हे तर तू त्या शिपायाला दिलं होतंस. त्याला आपल्या घरचा पत्ता कुणी दिला?"

मी तोंड उघडलं. काहीतरी सुचेल असं वाटलं, नेहमी सुचतं. मग मावशीच म्हणाली, "राहू दे पोरी. ते कान मी ओढून काढलेत. मी तर तुझ्याआधी ओळखलं होतं त्याला."

आणि मग मला कळलं. सालामान्काला जाताना गाडीत सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव होतं. प्रोफेसर हे, प्रोफेसर ते. परत येताना अडीच तास गाडी चालली आणि एकानेही तुझं नाव काढलं नाही. एकानेही विचारलं नाही, की अरेरे, भाऊ भेटला नाही का. मला वाटलं, दमलेत बिचारे. ते दमले नव्हते. मावशीने स्टेशनावरच सगळ्यांना तंबी दिली होती, आणि बाकीची सत्तेचाळीस माणसं मला सांभाळून घेत खिडकीबाहेर बघत बसली होती. त्या गाडीत मीच तेवढी बोलत होते. लेओकादियाला सांगत होते, की तू वायादोलिदला मोठ्या सभेला गेलायस. ती म्हणत होती, "हो का? अरे वा." एलादिओ, हे आठवलं की मला पांघरुणात तोंड घालावंसं वाटतं.

भट्टीवर लेओकादियाही होती. मला वाटलं, आता ही बोलणार आणि गाव ऐकणार. ती पाव टोपलीत भरत राहिली. मग म्हणाली, "तेओफिला, माझा सासरा गावोगाव फिरून जळवा विकायचा. आम्ही दुकानावर फार्मसी लिहिलं म्हणून तो काही डॉक्टर होत नाही. शिपायाचं मला काही नाही. पण घरात येणाऱ्या मुलीची आई सख्ख्या भावाला रस्त्यावर ओळख देत नाही, याचा मी विचार करतेय." आणि टोपली उचलून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता जे तुला कुणीच सांगू शकत नाही ते सांगते. तुझं पत्र मला मिळालं होतं. मी ते जाळलं. पण त्यात नवीन काही नव्हतं, एलादिओ. मला नऊ वर्षांपासून माहीत आहे.

एकोणसाठ साली यांचे डोळे दाखवायला आम्ही सालामान्काला आलो होतो. यांना दवाखान्यात बसवून मी तुला शोधत आले. तुला अचानक गाठायचं, म्हणून कुणाला विचारलं नाही. एका ओवरीत तू पाठमोरा होतास. निळा कोट. तू एक मोठं दार उघडलंस आणि आत वाकून म्हणालास, "प्रोफेसर, वेळ झाली." इतक्या अदबीने म्हणालास, इतक्या सुंदर आवाजात, की तू बाबांना जेवायला हाक मारायचास ते मला आठवलं. मी तिथून पळत सुटले. तुला पत्रात लिहिलं की गाडीची वेळ झाली, म्हणून भेटता आलं नाही.

नऊ वर्षं मी तो फोटो पुसतेय आणि आत कोण आहे ते मला माहीत आहे. तू गप्प राहिलास. मी गप्प नाही राहिले, मी बोलत गेले. पाण्याच्या वाटणीत, चर्चच्या पहिल्या बाकावर, इनेसच्या स्थळात, सगळीकडे मी तुझा झगा पुढे केला. तू लाजेने खोटं बोललास, मी फायद्यासाठी. म्हणून त्या दिवशी हाक मारता आली नाही. तू निळ्या कोटात उभा राहिलास तर माझ्या अंगावर काय उरणार होतं?

इनेसने तुला लिहिलं होतं, तिने मला काल सांगितलं. दोघं लग्न करणारच आहेत, लेओकादियाचा विचार होवो न होवो. तेव्हा मी जे करतेय ते लग्नासाठी नाही, हे लक्षात ठेव. फोटो मी काढलेला नाही. फक्त आज त्याच्या खाली कागद चिकटवला, 'एलादिओ, उसन्या झग्यात.' मावशी बघून गेली आणि म्हणाली, कान मात्र स्वतःचेच आहेत.

येत्या शनिवारी, २५ तारखेला, मी पहाटेच्या गाडीने येतेय. इनेस आहे, मावशी ऐकत नाही, आणि काल दार वाजवून लेओकादियाने विचारलं, गाडीत मलाही जागा धरशील का. अकरा वाजता त्याच दारात उभा राहा. कोट तोच घाल, बटणं घासून. मी गल्लीच्या टोकापासूनच हाक मारीन. विद्यार्थी हसले तर हसू देत.

ओर्नासो पुन्हा करतेय, त्याच फडक्यात. झाडूंच्या खोलीत एकट्याने खायचा नाही, आमच्याबरोबर नदीवर यायचं. सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या प्रोफेसरांशी मी बोलते.

आणि तो बेडूक मला पुन्हा दाखव. त्या दिवशी मला दिसलाच नव्हता. तू काठी वर केलीस तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघत होते, आणि डोळे इतके भरले होते की सगळे दिसला म्हणाले म्हणून मीही म्हणाले.

तुझी ताई,
तेओफिला